खुर्चीतल्या माणसाला कसं विचारायचं

माझ्या थोरलीनं तिच्या संशोधनातून माझं सलून वगळलं, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

"बाबा, तुम्ही माझे वडील आहात," ती म्हणाली. "तुमचं दुकान घेतलं तर उद्या कुणीही म्हणेल, घरचीच माणसं घेऊन घरचाच निकाल लावला."

"म्हणजे शहरभरचे न्हावी चालतात, बाप तेवढा चालत नाही."

"बाप चालतो. बापाचं दुकान चालत नाही."

तिच्या आईनं वाढता वाढता हसू दाबलं. आमच्या घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे, म्हणून मी ताट पुढे ओढलं आणि गप्प जेवलो. पण मनाला लागलं होतं. कल्पना सुचली माझ्याच दुकानातल्या बाकावर, आणि दुकानच बाहेर.

थोरली विद्यापीठात शिकवते. बायकांना घरात होणारी मारहाण, त्यांच्यावर होणारी जबरदस्ती, ती मुळात होऊच नये म्हणून काय करायचं आणि झाल्यावर काय करायचं, हा तिचा अभ्यासाचा विषय. पाहुण्यांना हे सांगताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. मुलगी डॉक्टर आहे, बँकेत आहे, असं एका दमात सांगून मोकळं होता येतं. इथे मी सांगितलं की पाहुणे चहाच्या कपात बघायला लागायचे. आता मी अडखळत नाही. समोरचा अडखळतो, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला आवडतं.

लहानपणी शाळा सुटली की ती माझ्या दुकानात यायची आणि बाकावर बसून गणितं सोडवायची. समोरच्या खुर्चीत माणसं बदलत राहायची. पुरुष एरवी कुणापुढे मन मोकळं करत नाही, पण गळ्याभोवती कापड बांधलं आणि मान मागे टाकली की बोलायला लागतो. आरशात बघून बोलायचं असतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. बापाचं दुखणं, साहेबाचा जाच, भावाशी वाकडं, सगळं निघतं. आणि मधूनच, विनोद सांगावा तसं, "काल बायकोला जरा सरळ केली." की दुकान हसतं. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, हा आमच्या धंद्यात कात्री हातात येण्याआधीचा धडा असतो. थोरलीच्या मनात आलं, माणूस जर इथे बोलतो, तर त्याला इथेच थांबवता येईल का?

"येईल की," मी म्हणालो होतो. "त्यात बघायचं काय?"

"बघायचंच आहे, बाबा. आपल्याला वाटतं आणि तसं होतं, यात फार अंतर असतं."

ते अंतर मोजायला तिनं एका मोठ्या निधीकडे अर्ज केला. त्यांनी आधी लहान कामापुरते पैसे दिले. हे नीट झालं तर पुढचं मोठं काम देऊ म्हणाले. तिनं चिठ्ठ्या टाकून शहरातली सलूनं दोन गटांत वाटली. एका गटातल्या कारागिरांना शिकवायचं, दुसऱ्या गटाला वर्षभर काही सांगायचं नाही. त्यांची पाळी मोजणी झाल्यावर. दोन्हीकडच्या वस्त्यांतल्या बायकांशी तिच्या हाताखालच्या मुली बोलणार, एकट्यात, सलूनचा विषयही न काढता. जिथे शिकवलं तिथल्या घरांतला मार कमी झाला का, एवढं बघायचं.

"आणि वाढला का, तेही," ती म्हणाली. मला ते अभद्र वाटलं.

शिकवणी ती आधी घरात माझ्यावर करून बघायची. मी कारागीर, ती गिऱ्हाईक. पाय पसरून, नसलेल्या मिशीला पीळ देत ती बायकोला बडवल्याचा किस्सा सांगायची, आणि मी हसायचं नाही. इतकंच. हसायचं नाही आणि थांबायचं. करून बघा, जन्मभराची सवय मोडताना तोंड दुखतं. मग हळूच विचारायचं, "मग नंतर तुम्हाला कसं वाटलं?" तेही दुकानात दुसरं कुणी नसेल तरच. उपदेश करायचा नाही, धमकी तर नाहीच नाही. तो बोलत राहिला तर सांगायचं, अशा पुरुषांचं ऐकून घेणारी एक जागा आहे, तिथला माणूस भला आहे, जाऊन तर बघा. आणि काही झालं तरी त्याच्या बायकोची बाजू आपण त्याच्यासमोर मांडायची नाही.

"का बरं?" मी विचारलं. "मांडायला नको?"

"तो घरी जाऊन तिलाच विचारेल, न्हाव्याला काय सांगून आलीस म्हणून."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिनं नुसती मान हलवली आणि आत गेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझी पोरगी जे शिकलीय ते मला दिसतं त्यापेक्षा खोल आहे.

वर्ष सरलं, मोजणी झाली, आणि थोरलीचं जेवण कमी झालं. दोन्ही गटांत फरकच नव्हता. जिथे शिकवलं तिथे मार थोडा कमी झाला होता, पण जिथे शिकवलं नव्हतं तिथेही जवळजवळ तेवढाच. निधीची समिती पुढच्या आठवड्यात बसणार होती. समितीनं नाही म्हटलं तर काम बंद, पुरुषांचं ऐकून घेणारी ती जागा बंद, हाताखालच्या मुली घरी आणि थोरलीची त्या कामावरची नेमणूकही संपली. पण तिला त्याहून मोठी धास्ती होती.

"एकदा कागदावर आलं ना, की सलूनमधून करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही, की मग हे कुणी पुन्हा करून बघणार नाही," ती म्हणाली. "कायमचं दार लागलं."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. आपल्याच दुकानातल्या कारागिराकडून कापून घेणं मालकाला आवडत नाही. तो बिचारा भीत भीत कापतो आणि वाकडं झालं तरी छान म्हणावं लागतं. म्हणून सुट्टीच्या वारी आसपासचे सगळे माझ्या दुकानात जमतात. दुकान जुनं आहे, खुर्च्या दणकट आहेत. शटर अर्धं खाली ओढायचं, चहाची किटली मागवायची आणि एकमेकांची डोकी नीट करायची. आठवडाभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलेलं असतं, त्या दिवशी आमची तोंडं सुटतात.

समितीच्या आधीच्या सुट्टीला मी चष्मा घरी विसरलो. चष्म्याशिवाय मी कुणाच्या डोक्याला हात लावला तर माझे मित्रही पळून जातील, म्हणून थोरली तो घेऊन आली. शटरखालून वाकून आत शिरली आणि तिथेच थबकली.

खुर्चीत वकील बसला होता. वकिलीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोपऱ्यावर सलून आहे त्याचं. कुणी ऊन आहे म्हटलं तर तो सावली आहे म्हणून वाद घालतो, म्हणून वकील. त्याच्या मागे कात्री घेऊन मौनी उभा होता. मौनी झोपेतही बोलतो, हे वेगळं सांगायला नको. मौनीचं दुकान शिकवलेल्या गटात, वकिलाचं न शिकवलेल्या गटात.

"हसायचं नाही, इथवर तुझं बरोबर," मौनी सांगत होता. "पण मग लगेच बोलायचं नाही रे, थांबायचं. मी तुला मागच्या खेपेलाच सांगितलं होतं."

"थांबणं मला जमत नाही," वकील म्हणाला. "मी सरळ झाडतो."

थोरलीनं कपाळावर हात मारला. खरोखर मारला, चष्मा हातात होता तोही आपटला.

"बाबा, हे दर आठवड्याला चालतं?"

"तुझ्या जन्माआधीपासून चालतं. तू इथेच तर खेळायचीस, केसांच्या ढिगात."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं हे. शहरातली सलूनं चिठ्ठ्या टाकून वाटली मी, आणि सगळे न्हावी एका खोलीत बसतात हे मला सुचलं नाही."

मलाही सुचलं नव्हतं. वर्षभर त्या खोलीत बसून मी मौनीची प्रवचनं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरीचं काम किती छान पसरतंय. ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांच्यापर्यंत ते सगळं कधीच पोचलं होतं. मग मोजणीत फरक दिसणार कुठून?

माझ्या डोक्यात उजेड पडला तसा जीव भांड्यात पडला. निकाल तिच्या कल्पनेविरुद्ध नव्हता तर. मी तसं म्हणणार, तेवढ्यात थोरली वकिलासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज बदलला होता.

"काका, कुणाला झाडलंत?"

वकील आधी फुशारकीनं सांगू लागला. एक गिऱ्हाईक दाढीला बसलं होतं. बायको रात्री नको म्हणते, पण तिच्या नको म्हणण्याला मी कधी जुमानलं नाही, असं हसत हसत सांगत होतं. दुकान भरलेलं. वकिलानं वस्तरा बाजूला ठेवला आणि सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. बायको म्हणजे काय गोठ्यातलं जनावर आहे का, लाज वाटत नाही का, पोलिसांत देईन. माणूस एका गालाला फेस तसाच घेऊन उठून गेला.

"चांगला तोंडावर आपटला," वकील म्हणाला.

"मग घरी काय झालं?" थोरलीनं विचारलं.

वकिलाच्या गळ्याभोवती कापड तसंच होतं. तो आरशात बघत राहिला. मौनीची कात्री थांबली.

"हात मोडला म्हणतात तिचा," वकील म्हणाला. "तिनं मला काही सांगितलं नव्हतं गं. मी तर तिला कधी बघितलंही नाही."

थोरली शेजारचं स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली आणि कधी, कुठे, कोण, हे शांतपणे विचारून घेतलं. मी तिला ओरडताना बघितलंय, लहानपणी दारं आपटताना बघितलंय. इतकी शांत कधी बघितली नव्हती.

तिच्या हाताखालच्या मुलींपैकी एकीला ती बाई सापडली. भावाकडे राहायला गेली होती, हात गळ्यात. थोरली तिला भेटून आली. काय बोलणं झालं ते तिनं घरात सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

तिच्या विद्यापीठातल्या सरांनी मात्र तिला दोन गोष्टी सुचवल्या, त्या तिनं जेवताना सांगितल्या. सर वाईट माणूस नाही. त्यांच्याच शब्दावर तिला पहिले पैसे मिळाले होते. सर म्हणाले, ज्या सलूनांनी उडतउडत ऐकलं ती मोजणीतून काढून टाक, उरलेल्यांत फरक स्पष्ट दिसेल. आणि त्या मोडलेल्या हाताचं समितीपुढे काढू नकोस. ते सलून शिकवलेल्या गटात नव्हतंच, म्हणजे नियमानं ते आपल्या खात्यात येत नाही.

"मग बरोबरच म्हणतात ते," मी म्हणालो.

तिच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की घास हातातच राहिला. पण मी मागे हटलो नाही. "अगं, मी काय वाईट सांगतोय का? काम टिकलं तर पुढच्या शंभर बायकांचं भलं होईल. आत्ता खरं बोलून बसलीस आणि दार लागलं, तर कुणाचं भलं?"

"बाबा, ते धडे आपण लिहिले," ती म्हणाली. "अर्धवट ऐकून कुणी वापरले तर काय होतं हे मी बघायलाच हवं होतं. शहाण्यासुरत्या माणसांनी चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीनं एका बाईचा हात मोडला. हे लपवून मी पुढचे पैसे घेतले, आणि हेच धडे आणखी चार शहरांत गेले, तर तिकडे काय काय मोडेल? आणि नकोशी सलूनं मोजणीतून काढायची म्हटलं तर मला हवा तो निकाल मी कशातूनही काढून दाखवेन. मग त्याला संशोधन कशाला म्हणायचं?"

मला पटलं होतं, पण तिच्या नेमणुकीची काळजी सुटत नव्हती.

समितीला धंद्यातला एक माणूस ऐकायचा होता. न्हाव्यांच्या संघटनेनं माझं नाव दिलं, कारण सगळ्यांत म्हातारा मीच. मी कोण आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं, अशी थोरलीनं ताकीद दिली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि छान भाषण पाठ केलं. न्हाव्याच्या कलेचा इतिहास, समाजातलं स्थान, वगैरे.

खोली लांबलचक होती आणि गार हवेचं यंत्र इतकं सोडलेलं की मी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. टेबलाभोवती समिती. मी सवयीनं आधी त्यांची डोकी बघितली. अध्यक्षांनी केस रंगवले होते, मुळाशी पांढरं दिसत होतं. त्यांच्या उजवीकडच्या गृहस्थांचे कल्ले एक वर, एक खाली. टोकाला एक बाई बसल्या होत्या, आखूड केसांच्या, स्वतःच्याच कात्रीनं कापल्यासारख्या. त्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांचं आश्रयगृह चालवतात, असं थोरलीनं कानात सांगितलं. आणि त्या आपल्या विरोधात आहेत, हेही.

थोरली उभी राहिली. पडद्यावर चित्रंबित्रं काही लावली नाहीत.

"माझी चाचणी फसली," तिनं सुरुवात केली. "सलूनमधल्या या धड्यांचा उपयोग होतो का, ते मला माहीत नाही. पण का माहीत नाही, ते मला नेमकं माहीत आहे."

सरांनी खुर्चीत अंग चोरलं. थोरलीनं सुट्टीच्या वाराची गोष्ट सांगितली. मी न्हाव्याच्या दुकानात वाढले, म्हणून हे काम मलाच नीट जमेल असं मला वाटत होतं, आणि त्याच तोऱ्यात ही चूक झाली, असं ती म्हणाली. मग, कुणाचंही नाव न घेता, एका गालाला फेस घेऊन उठलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि मोडलेल्या हाताची.

"त्या ताईंना विचारून मी हे इथे सांगतेय," ती म्हणाली. "त्यांनी एक निरोप दिलाय. त्या म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं हे चुकलं असं कृपा करून सांगू नका. लग्न झाल्यापासून त्याला कुणी विचारलंच नव्हतं. कसं विचारलं, ते चुकलं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. आश्रयगृहाच्या बाईंनी काही पुसलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "माझं छप्पर गळतंय. एका खोलीत चार चार बायका, त्यांची पोरं, असे दिवस काढतोय आम्ही. तुम्हाला माहीत नाही हे सांगायला तुम्ही आणखी पैसे मागताय. ते मी माझ्या छपराला का मागू नयेत?"

माझा पारा चढला. मी उठणारच होतो, पण थोरलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मागा," ती म्हणाली. "तुम्ही मागितले तर मी तुमच्या बाजूनं सही करेन. छपरापुढे मी माझं काम मोठं म्हणणार नाही. पण तुमच्याकडे बाई पोचते ती मार खाल्ल्यावर. तो मार बसण्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा कुठेतरी बसून बोललेला असतो. त्या दिवसाला हात घालता येतो का, ते मला शोधायचंय. आणि चुकीचा हात घातला तर काय होतं तेही, कारण चांगल्या मनाची माणसं हे सगळीकडे करायला लागलीच आहेत, कुणी मोजत नाही एवढंच. पुढच्या वेळी एकेक दुकान वाटणार नाही. जिथे जिथे न्हावी एकत्र जमतात, तो अख्खा जमाव एका गटात. आणि घरात मार वाढतोय असं दिसलं की काम त्याच दिवशी थांबवायचं, मला न विचारता. तसं थांबवण्याचा हक्क असलेला माणूस बाहेरचा हवा, माझ्या मर्जीतला नको."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी उठलो आणि ताकीद दिल्याप्रमाणे पहिल्यांदा सांगितलं, "मी या बाईंचा बाप."

टेबलाभोवती हसू फुटलं. माझं पाठ केलेलं भाषण त्या हशात कुठे गेलं कुणास ठाऊक.

"एवढंच सांगा," कल्ले वरखाली असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या लोकांना वर्षभर तोंड बंद ठेवता आलं नसतं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "एकाला काही उपयोगाचं कळलं आणि त्यानं ते शेजारच्यापासून लपवून ठेवावं, असे आम्ही नाही. तिनंही आम्हाला तसं निक्षून बजावलं नव्हतं, कारण तीही आमच्यातलीच. तिला जे दिसायला हवं होतं ते माझ्याही नाकासमोर होतं, आणि मलाही दिसलं नाही." एवढं बोलून मी खाली बसलो. मला वाटतं, बरं बोललो.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर मी आणि थोरली, समोर भिंतीला टेकून सर.

"स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास," सर तिला म्हणाले. रागावलेले नव्हते, दमलेले होते. "निदान तो हात तरी सांगायचा नव्हतास."

"सर, तो सांगायलाच मी आले होते."

सर जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

मी तिच्याकडे बघत बसलो. मी आयुष्यभर माणसांना आरशासमोर बसवलंय. आरशात बघून स्वतःचा खरा चेहरा सहन करणारी माणसं फार थोडी. बहुतेकजण मान वळवून बरी बाजू शोधतात. माझ्या पोरीनं मान वळवली नाही.

"हे बघ," मी म्हणालो, "आता आतून काहीही येवो. मला तुझा अभिमान वाटतो. परवा जेवताना मी जे बोललो ते विसर. पैसे नाही मिळाले तर दुकानात एक खुर्ची रिकामीच असते."

"मला दाढी करता येत नाही, बाबा."

"ते तर मला तुझ्या लहानपणीच कळलंय. बाहुलीचे केस कापलेस ते अजून आठवतात."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. भरल्या डोळ्यांनी मी समोरचं घड्याळ बघत होतो, पण किती वाजले ते काही कळत नव्हतं.

दार उघडलं ते आश्रयगृहाच्या बाईंनी. शिपायाला न पाठवता त्या स्वतः आल्या.

"मिळाले," त्या म्हणाल्या. "सगळे. तुम्ही घातलेल्या अटींसकट."

थोरली उभी राहिली. "तुम्ही…"

"मी विरोधात मत दिलं," बाई म्हणाल्या. "माझं छप्पर अजून गळतंय, आणि मी ते बोलत राहणार. बाकीच्यांनी मला हरवलं." मग त्या थोरलीकडे वळल्या. "पण इथे येऊन मला माहीत नाही असं सांगून पैसे मागणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं. तो काम थांबवण्याचा हक्क ज्याला द्यायचा म्हणालात, तो मला द्या. एक दमडी घेणार नाही. पण घरात मार वाढलेला दिसला, तर मी खरंच थांबवीन. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," थोरली डोळे पुसत म्हणाली.

"आणि तुमच्या त्या ताईंना भावाकडे जड जात असेल तर माझ्याकडे पाठवा. जागा करू."

सरांनी थोरलीचा हात हातात घेऊन दाबला आणि ते आत सही करायला गेले. मला वाटलं, आता ती आईला फोन करेल. मीच खिशातून फोन काढत होतो, तिच्या आईच्या कानावर ही बातमी माझ्या तोंडून पडावी म्हणून. पण थोरली आधी खिडकीशी गेली आणि तिनं त्या हात मोडलेल्या बाईला फोन लावला. मुद्दाम आवाज चढवला नव्हता, तरी रिकाम्या जागेत पलीकडचंही ऐकू येत होतं.

"ताई, काम पुढे चालू राहणार. तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला." मग तिनं आश्रयगृहाच्या जागेचंही सांगितलं, घाई नाही, तुमच्या मनावर आहे, असं.

पलीकडून ती बाई म्हणाली, "म्हणजे आता बाकीच्यांच्या नवऱ्यांना नीट विचारतील? आणि नीट विचारलं की थांबेल ते?"

हो म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? मी असतो तर म्हणालो असतो. नुकतीच जिंकली होती ती, आणि त्या बाईलाही तेवढंच ऐकायचं होतं.

"मला माहीत नाही, ताई," माझी पोरगी म्हणाली. "शोधते. आणि जे निघेल ते आधी तुम्हाला येऊन सांगते."

"या," ती बाई म्हणाली. "मी वाट बघते."